नवसाची गाडी

चाळीस वर्षांत पहिल्यांदा गाडीचं तोंड बाहेर झालं होतं, आणि घराला ते आवडलेलं नाही असं साल्विनाला सकाळपासून वाटत होतं.

तिचे वडील झारेन शुएरेब गाडी लावायचे ती नाक आत घालूनच. उंच खांबांवरचं लाकडी घर, त्याखाली सिमेंटची फरशी, आणि एका बाजूला विटांची भिंत. गाडीची डावी बाजू त्या भिंतीला अशी लागलेली असायची की शेजारी बसणाऱ्यानं आधीच अंगणात उतरायचं. दर रविवारी चर्चहून आलं की झारेन जुन्या बनियनचा बोळा आणि मेणाचा डबा घेऊन खाली जायचे. उजवी बाजू चारचौघांत, गप्पा मारत. डावी बाजू मात्र एकट्यानं, गाडी आणि भिंतीच्या मधल्या फटीत तिरपं शिरून. माणूस बारीक होता, म्हणून जमायचं. आज गाडी फिरवल्यावर साल्विनानं प्रथमच पाहिलं की भिंतीच्या विटा खांद्याच्या उंचीवर गुळगुळीत होऊन चमकत होत्या. चाळीस वर्षं एक पाठ तिथं घासली होती.

"एवढी चकाकी तर गाडीलासुद्धा नाही," मान्वेल म्हणाला. तिचा धाकटा भाऊ. हातात पॉलिशचं मशीन, गळ्यात गॉगल, आणि तोंडावर असा आनंद, की लग्न साल्विनाच्या मुलीचं नसून त्याचंच आहे.

"होती तशी लावा परत," झिऊ नार्दू म्हणाले. झारेनचे धाकटे भाऊ, म्हणून सगळ्यांचेच झिऊ, म्हणजे काका. ऐंशी वर्षांचे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, काठी मांडीवर आडवी. "झारेननं कधी फिरवली नव्हती."

"पा गेल्याला वर्ष झालं, झिऊ. आता तिलाही जरा वारा लागू द्या."

"मशीन तर त्यानं जवळपास फिरकू दिलं नसतं."

"म्हणूनच ती अशी मळकट झालीय. हातानं घासून घासून कुठे चमक येते?" मान्वेलनं मशीनची वायर झटकली. "पुढच्या शनिवारी मार्टिना हिच्यातून चर्चला जाणार. सगळं मकाय गाव बघणार. नवसाची गाडी आहे ही, झिऊ. नवसाचा मुलगा तिला पॉलिश करतोय. आता यात काय वाईट आहे, सांगा."

झिऊंनी फक्त वर, लाकडी तक्तपोशीकडे पाहिलं. वर पावलं वाजत होती. मा असणार. साल्विनाची आई, जूझा, आताशा जिना उतरत नसे, पण वर हिंडायची. पावलं स्वयंपाकघराकडून आली, आणि बरोबर गाडीच्या डाव्या मडगार्डच्या वर येऊन थांबली.

नवसाची गोष्ट शुएरेबांच्या घरात प्रत्येक बारशाला, प्रत्येक लग्नाला सांगितली जायची. अठ्ठ्याहत्तर सालचा उसाचा हंगाम. मान्वेलच्या वेळी जूझाचं काही खरं नव्हतं, डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा झारेननं दवाखान्याच्या व्हरांड्यात गुडघे टेकून नवस बोलला: बाई आणि लेकरू वाचलं, तर गाडी देवमातेच्या निळ्या रंगात रंगवीन. दोघं वाचली. आठवड्याच्या आत झारेननं आणि नार्दूनं घराखाली चादरी टांगून गाडी निळी केली. फादरनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि चर्चच्या दारात माल्टाहून इथं येऊन वसलेल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्ट इथं संपायची. गाडी आधी कुठल्या रंगाची होती, हे त्या गोष्टीत कधीच नसायचं.

हे एकाच माणसानं विचारलं होतं. मार्टिनाच्या साखरपुड्याला, नवऱ्या मुलाच्या, जेरोमच्या, आजीनं. आंटी फ्लोरी तोगो. गोष्ट ऐकून ती हसली होती आणि सहज म्हणाली होती, "आणि आधी कुठला रंग होता हो?"

"पिवळट," झिऊ नार्दू चटकन म्हणाले होते. "बिस्किटासारखा."

तेव्हा साल्विनाला काहीच वाटलं नव्हतं.

"ये, तुलाही शिकवतो," मान्वेलनं तिला हाक मारली. "नाहीतर म्हणशील, सगळं श्रेय मान्वेलनं लाटलं."

"श्रेय घे की. माझे हात पास्तित्सीच्या पिठात आहेत तेच बरे."

"अगं ये. हे बघ, पेस्ट पॅडवर टिपक्यांनी लावायची. मशीन आधी टेकवायचं, मग सुरू करायचं. नाहीतर सगळी पेस्ट तुझ्या केसांत. आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेव: मशीन एका जागी थांबवायचं नाही. फिरतं ठेवायचं, इस्त्री फिरवतेस तसं. थांबलीस की रंग तापतो, जळतो, आणि खालचं वर येतं. कडांना तर जास्तच. म्हणून कडांवर ही कागदी टेप."

"खालचं म्हणजे काय?"

"जे असेल ते," मान्वेल म्हणाला आणि त्यानं गॉगल डोळ्यांवर ओढला.

दुपारपर्यंत गाडी खरोखरच उजळली. छप्पर झालं, बॉनेट झालं, उजवी बाजू झाली. जुना रंग, वर काचेसारखा थर नाही. त्यामुळे पांढरा पॅड निळा होत गेला, आणि मान्वेल दर थोड्या वेळानं तो खरडून घ्यायचा. तक्तपोशीला टांगलेल्या ट्यूबचा उजेड आता बॉनेटवर सरळ, अखंड रेघेसारखा पडला होता. साल्विना मऊ फडक्यानं मेण पुसत होती. मनातल्या मनात तिनं मान्य केलं की भावाचं म्हणणं खरं होतं. पा हे बघायला हवे होते.

मग ती डाव्या बाजूला आली.

उजेडाची रेघ दारावरून सरळ आली, मडगार्डवर चढली, आणि हेडलाइटच्या मागे हातभर अंतरावर वाकली. पाण्यात काठी वाकलेली दिसते तशी. साल्विनानं डोकं हलवून पाहिलं. रेघ तिथं आली की दर वेळी आत ओढली जायची, जणू खालून कुणी तिला धरत होतं.

"मान्वेल. हे इथं काय आहे?"

त्यानं गॉगल वर केला, वाकून पाहिलं. "ठोकलंय कधीतरी. पुट्टी भरलीय. वर्षांनी पुट्टी बसते, मग असं दिसतं. थांब, बघूच." घराखालच्या जुन्या फ्रीजवरून तो एक चुंबक घेऊन आला. माल्टाहून कुणीतरी आणलेली देवमाता, बोटभर, निळ्या झग्यातली. "पत्रा असेल तर धरेल. पुट्टीवर नाही धरणार."

दारावर त्यानं देवमाता लावली, टक्कन बसली. मडगार्डच्या पुढच्या टोकाला लावली, बसली. त्या जागी लावली, आणि ती घसरली. त्यानं पुन्हा लावली. पुन्हा घसरत खाली आली आणि फरशीवर पालथी पडली.

"केवढी मोठी जागा आहे," मान्वेल पुटपुटला. चुंबक सरकवत सरकवत तो कडा शोधत होता. "परातीएवढी. झिऊ, पा नी गाडी कधी ठोकली होती?"

"उचल ती आधी," झिऊ म्हणाले. "देवमाता पायात ठेवू नये."

"ठोकली होती का?"

"कांगारू," झिऊ म्हणाले. "तेव्हा रस्त्यावर असायचे फार."

वर पावलं वाजली नाहीत. ती अजून तिथंच होती, बरोबर डोक्यावर. इतका वेळ एका जागी मा कशाला उभी राहील, असं साल्विनाच्या मनात आलं आणि गेलं.

कागदी टेप संपली होती. "एवढंच तर राहिलंय," मान्वेल म्हणाला, आणि टेपेशिवायच त्यानं मशीन टेकवलं. त्यानंतर जे झालं ते मिनिटभराचंही नव्हतं. पॅड आधी निळा झाला. मग निळ्यात काहीतरी तांबूस मिसळलं. मान्वेलला गॉगलमधून दिसलं नाही, साल्विनाला दिसलं. पॅडच्या कडेनं तांबडी धार सुटली आणि तिच्या पांढऱ्या शर्टावर बारीक तांबडे ठिपके उडाले.

"बंद कर," ती म्हणाली. "मान्वेल, बंद कर ते."

मशीन थांबलं.

"रक्त नाही," मान्वेल शेवटी म्हणाला, कुणी विचारलं नसताना. "प्रायमर आहे. तांबडा प्रायमर. पण मी दाबलंसुद्धा नव्हतं. इतका पातळ रंग कसा काय… बाकी गाडीवर चांगला जाड आहे."

साल्विना भिंतीकडे पाहत होती. त्या चमकत्या विटांकडे. "पा नी घासलाय," ती म्हणाली. "दर रविवारी. हीच जागा."

तिनं फडक्यानं पेस्ट पुसली. त्या जागेत रंगांच्या कडा एकात एक बसल्या होत्या, झाडाच्या बुंध्यासारख्या. बाहेर निळा. मग तांबड्याचं कडं. मग पांढऱ्याचं. मधोमध करडी पुट्टी. पांढरं कडं बोटभर रुंद होतं आणि अगदी स्वच्छ, दुधासारखं.

"बिस्किटासारखा," साल्विना म्हणाली.

झिऊ नार्दूंनी काठी फरशीवर टेकवली, पण ते उठले नाहीत.

आंटी फ्लोरीनं तिला सांगितलं होतं. साखरपुड्यानंतर महिन्याभरानं, दोघी फ्लोरीच्या ओट्यावर रताळी सोलत बसल्या होत्या तेव्हा. कौतुक मागायचं नव्हतं, कीवही नको होती. एखादी पाककृती सांगावी तसं सांगितलं होतं. एडिसन, फ्लोरीचा नवरा, साखर कारखान्यातून सायकलवरून येत होता. संध्याकाळ. हंगाम होता, तेव्हा ऊस पेटवून मग तोडायचे; धूर रस्त्यावर उतरला होता आणि काळी राख पडत होती. सकाळी तो चरात सापडला. पोलिस म्हणाले, पॅडलला पांढरा रंग लागलाय, कुणीतरी पांढरी गाडी. एवढं बोलून ते गेले. ज्यांच्या पणजोबांना बेटांवरून ऊस तोडायला जहाजातून आणलं होतं, त्यांच्यातल्या एकासाठी कोण किती शोधणार. मग फ्लोरीच निघाली. "वर्षभर मी या जिल्ह्यातली प्रत्येक पांढरी गाडी बघितली," ती म्हणाली होती. "चर्चबाहेर, बाजारात, कारखान्यावर. एकही सोडली नाही. वाकून वाकून बघायचे. लोकांना वाटायचं, बाईचं डोकं फिरलं." आणि सोललेलं रताळं तिनं पाण्यात टाकलं होतं.

निळी गाडी तिनं कशाला बघितली असती. त्यात नवसाची, फादरनी पाणी शिंपडलेली.

"कुठला महिना होता, मान्वेल?" साल्विनानं विचारलं. "तू झालास तो?"

"ऑक्टोबर. सव्वीस. का?"

तारीख तिला पाठ होती. दर वर्षी त्या दिवशी इकडे केक कापला जायचा. दर वर्षी त्याच दिवशी फ्लोरी कबरस्तानात जायची. साखरपुडा ठरवताना साल्विना आणि तिची विहीण म्हणाल्याही होत्या, बघा कसा योगायोग, एका घरी येणं, एका घरी जाणं.

मान्वेल मूर्ख नव्हता. त्यानं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, पांढऱ्या कड्याकडे पाहिलं, मग काकांकडे. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला.

"नाही," तो म्हणाला. "नवस होता. माझ्यासाठी नवस होता."

"पुट्टी माझ्याकडे आहे," झिऊ नार्दू म्हणाले. आवाज अगदी कामाचा होता, गवंड्यासारखा. "तासाभरात सुकते. रंगाचा डबाही आहे. झारेननं जपून ठेवला होता, दर वर्षी हलवून बघायचा. फ्लोरी किती वाजता येणार आहे?"

"चारला," साल्विना म्हणाली. "रिबीन बांधून बघायला." बॉनेटच्या टोकापासून काचेच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत जाणारी पांढरी रिबीन नवऱ्या मुलाच्या आजीनं बांधायची, असं ठरलं होतं. फ्लोरीनंच मागून घेतलं होतं ते.

"आत्ता अडीच. वेळ आहे."

"फुलांची माळ सोडू इथून," मान्वेल म्हणाला. तोही आता काकांच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता. "साल्वी, ऐक. लग्न होऊ दे. मग बघू. ती पोरगी पंधरा दिवस झोपली नाहीये आनंदानं. तू तिची आई आहेस ना?"

"आहे."

"मग?"

साल्विना खाली बसली, गाडीसमोर, डोळे त्या जागेच्या उंचीला आणत. पुट्टीत काहीतरी होतं. करड्यात चार तांबडे ठिपके, लांबट, ओळीत, एक जरा खाली. खळगे होते ते. पुट्टी ओली असताना पडलेले, नंतर प्रायमरनं भरून गेलेले. तिनं हात पुढे केला आणि अर्ध्यातच थांबवला.

चार बोटं होती. लहान मुलाची.

आणि मग तिला पाणी आठवलं. झारी. सात वर्षांच्या मुलीला पेलणार नाही इतकी जड झारी, आणि पा सांगतोय, फरशी ओली कर साल्वी, धूळ उडायला नको, हळू, हळू. चादरी टांगलेल्या, ओल्या. आत गोड उग्र वास. झिऊ पाटीवर काहीतरी करडं कालवतोय, केकच्या पिठासारखं. तिनं हात ठेवला होता. पीठ दाबून बघावं तसा. पा नं मनगट धरलं. मारलं नाही. थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्यानं एकेक बोट पुसलं, थिनर इतका गार होता की बोटं दुखली, आणि त्या गारव्यातून तो म्हणाला: तू इथं नव्हतीस. म्हण बरं. मी इथं नव्हते.

मी इथं नव्हते, ती म्हणाली होती. इतकं चांगलं म्हणाली होती की चाळीस वर्षं ती तिथं नव्हती.

"हे बुजवलं का नाही तुम्ही?" तिनं विचारलं.

झिऊ नार्दूंनी काठीवर हनुवटी टेकली. "मी म्हणालो होतो, घासून टाकू. तो म्हणाला, राहू दे." त्यांनी नाक पुसलं. "का, ते मला विचारू नकोस."

जिन्यावर पावलं वाजली. ही खरी होती, जड, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवणारी. जूझा कठडा धरून खाली येत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा. ॲप्रनमध्ये वाटाण्याची सालं होती.

"मशीन थांबलं म्हणून आले," ती म्हणाली. मग तिला मडगार्ड दिसलं. ती शेवटच्या पायरीवर बसली.

"मा, तू इतका वेळ वर इथंच उभी होतीस ना?" साल्विनानं विचारलं.

"मी कशाला उभी राहतेय? मागच्या व्हरांड्यात वाटाणे सोलत होते सकाळपासून." जूझाचे डोळे पांढऱ्या कड्यावरून हलत नव्हते. "झाका ते."

"मा."

"माझ्या नातीचं लग्न आहे. झाका. नार्दू, उठ, काय करायचं ते कर."

"कांगारू होता ना, मा?"

जूझानं ॲप्रनमधलं एक साल उचललं, दोन बोटांत चुरडलं. या घरात कुणाला कधी सायकल मिळाली नव्हती, हे साल्विनाला अचानक आठवलं. मान्वेलनं दहा वर्षं हट्ट केला होता. दर वाढदिवसाला मा उठून आत जायची.

"घंटी वाजली होती," जूझा म्हणाली. "दोनदा. धुरातून. तुझ्या बापानं ब्रेकवर पाय ठेवला होता. गाडी थांबतही आली होती. मला कळा येत होत्या, वाटलं, इथंच होतंय, इथंच मरतंय पोर. मी म्हणाले, थांबू नको. मी म्हणाले, झारेन, थांबलास तर बघ." तिनं मान्वेलकडे पाहिलं. "तो काही बोलला नाही. पुढं जन्मभर त्या गोष्टीवर बोलला नाही. फक्त दर रविवारी खाली जायचा."

मान्वेल गाडीपासून मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. पाठ बरोबर त्या गुळगुळीत विटांवर. मग त्याच्या लक्षात आलं तसा तो चटका बसल्यासारखा बाजूला झाला.

झिऊ नार्दू उठले होते. कोपऱ्यातल्या कपाटातून त्यांनी पुट्टीचा डबा काढला, झाकण उचकटायला काठीचं टोक लावलं. ऐंशीव्या वर्षीही काम हाताच्या ओळखीचं होतं. जूझा मान हलवत होती, हो, तेच, तसंच. मान्वेल माळेसाठी तार शोधायला लागला होता. तिघांत कुणी साल्विनाला काही विचारलं नाही. तिचंही ठरलेलंच होतं त्यांच्या लेखी. ती तर तेव्हाही इथं नव्हती.

साल्विनानं मशीन उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं. पॅडवर पेस्टचे टिपके लावले, पॅड मडगार्डवर टेकवला, मग बटण दाबलं. सगळं त्यानं शिकवलं तसं. एक गोष्ट सोडून.

तिनं ते हलवलं नाही.

"फिरव, साल्वी," मान्वेल ओरडला, सवयीनं, अजून न समजून. "फिरव, जळेल ते."

रंग जळाल्याचा वास आला. निळा वितळून गोळा होऊ लागला, सुटू लागला. मनगटं थरथरत होती, मशीन निसटायला बघत होतं, तिनं दोन्ही कोपरं बरगड्यांना लावली. पांढऱ्या कड्याचा पट्टा झाला. मग तिनं बोटभर पुढे सरकवलं, पुन्हा थांबवलं. मान्वेलनं येऊन तिच्या हातावर हात ठेवला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं हात काढून घेतला. वायर भिंतीत होती, दोन पावलांवर. तो त्या प्लगकडे बघत उभा राहिला. खूप वेळ. काढला मात्र नाही.

चार वाजता मार्टिना आणि आंटी फ्लोरी अंगणात आल्या तेव्हा मडगार्ड हेडलाइटपासून दारापर्यंत पांढरं होतं. कुठं कुठं पत्रा दिसत होता. मधोमध करडी परात, आणि तिच्यात चार बोटं.

"मम्मी, हे काय केलंस?" मार्टिना म्हणाली. हातात रिबिनीचा खोका होता. "मामा, हे काय केलं तुम्ही?"

फ्लोरी गाडीकडे वळली. उंच, हाडापेराची बाई, चर्चला जायची टोपी घालून आलेली. ती चार पावलं चालली आणि वाकली. गुडघ्यावर हात ठेवून, मान थोडी तिरपी करून. तिचं ते वाकणं कसं असेल ते साल्विनानं ऐकलं होतं, आता दिसलं. शरीर विसरलं नव्हतं.

"पांढरी," फ्लोरी म्हणाली.

"हो, आंटी."

"कोण होतं आत?"

"पा. आणि मा." साल्विना म्हणाली. "मी घरी होते. नंतर मी… हे बोटांचे ठसे माझे आहेत."

"आणि मी," मान्वेल मागून म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो एक्केचाळीस वर्षांचा जाडजूड माणूस, गळ्यात गॉगल, हातात फुलांची तार. "मीही होतो आत."

मार्टिनाच्या हातातला खोका खाली गेला. तिला अजून सगळं कळलं नव्हतं, पण जेरोमच्या आजोबांची गोष्ट तिला ठाऊक होती. चेहरा हळूहळू पांढरा पडत चालला होता. साल्विनाला तिच्याजवळ जायचं होतं. पाय उचलले नाहीत.

फ्लोरी सरळ झाली आणि पायरीवर बसलेल्या जूझाकडे गेली. समोर उभी राहिली. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं, आणि साल्विनाला वाटलं, आता ती हात उगारेल, आणि उगारला तर कुणीही धरणार नाही.

"त्यानं घंटी वाजवली होती का?" फ्लोरीनं विचारलं.

जूझाचे ओठ हलले. "दोनदा."

"नीट वाजली?"

"नीट वाजली."

फ्लोरीनं टोपी काढली. "अडकायची ती," ती म्हणाली, कुणा एकालाच नाही. "तो म्हणायचा, फ्लोरी, तेल घाल गं तिला. त्या दुपारी मी घातलं होतं की नव्हतं, तेच आठवत नाही मला. चाळीस वर्षं आठवतेय." टोपीच्या कडेवरून तिनं अंगठा फिरवला. "म्हणजे घातलं होतं."

मग तिनं मार्टिनाच्या हातातून रिबिनीचा खोका घेतला, स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि चेन लावली. "जेरोमला मी सांगेन," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी नाही. शनिवारचं काय ते तो आणि ही पोरगी ठरवतील. आणि ही गाडी अशीच राहू द्या. तोंड बाहेर. याच्यावर कुणी हात फिरवायचा नाही."

"नाही फिरवणार," साल्विना म्हणाली.

झिऊ नार्दूंनी पुट्टीचा डबा फरशीवर ठेवला. तो आवाज फार मोठा वाटला, कारण त्यानंतर काहीच आवाज नव्हता. सगळी माणसं खाली होती. साल्विना, मान्वेल, झिऊ, पायरीवर मा, अंगणात मार्टिना आणि फ्लोरी. साल्विनानं न ठरवता मोजली.

आणि वर, मडगार्डच्या बरोबर डोक्यावर, फळी करकरली.

पावलं निघाली. हलकी, बारीक माणसाची. जूझानं डोळे मिटून घेतले. पावलं स्वयंपाकघर ओलांडून गेली, दिवाणखाना ओलांडून गेली, आणि जिन्याच्या वरच्या टोकाशी येऊन थांबली. सगळे वर बघत राहिले. फ्लोरीही.

बराच वेळ गेला. खाली मात्र कुणी उतरलं नाही.